बाहेरच्या फीडरवर (सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाइनवर) फॉल्ट आला की ट्रान्सफॉर्मरचा आरईएफ रिले (रिस्ट्रिक्टेड अर्थ फॉल्ट, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या आतला जमिनीकडे जाणारा फॉल्ट पकडणारा रिले) ट्रिप होतो. सेटिंग वाढवावी का?

नाही. सेटिंगला हात लावू नका. याच सल्ल्यावरून एका वरिष्ठांशी माझं वाजलं होतं आणि माझं मत आजही तेच आहे.

नागपूरजवळचं १३२/३३ केव्ही सबस्टेशन. मृगाच्या तोंडावर वादळ सुटलं आणि ३३ केव्हीच्या एका फीडरवर बाभळीची फांदी पडली. फीडरचा ब्रेकर उघडायला हवा होता. त्याआधीच ट्रान्सफॉर्मरचा आरईएफ लागला आणि अख्खा बस (सगळे फीडर जोडलेली मुख्य पट्टी) बंद पडला. पुढच्या वादळात पुन्हा तेच. साहेब म्हणाले, "सेकंडरी इंजेक्शनचा रिपोर्ट ओके आहे ना? मग तू कायले उकरून राहिला? सेटिंग वाढव अन् मोकळा हो." (सेकंडरी इंजेक्शन म्हणजे रिलेला थेट टेस्ट करंट देणं.)

मी डिस्टर्बन्स रेकॉर्ड (फॉल्टच्या वेळच्या करंटचा आलेख) काढला. फॉल्ट बाहेर असेल तर तिन्ही फेज सीटींच्या (सीटी म्हणजे करंट मोजणारा करंट ट्रान्सफॉर्मर) करंटची बेरीज आणि न्यूट्रलवरच्या, म्हणजे वाइंडिंगच्या अर्थ केलेल्या टोकावरच्या, सीटीचा करंट यांनी रिलेत एकमेकांना खोडायला हवं. इथे दोन्ही लाटा एकदमच वर, एकदमच खाली. शटडाऊन घेऊन न्यूट्रल सीटीच्या प्रायमरीला बॅटरीचा झटका दिला, सेकंडरीला काट्याचा मीटर लावला. (डिजिटल मीटरवर हा झटका धड दिसत नाही, जुना मीटर भंगारात काढू नका.) काटा उलटा गेला. मार्शलिंग बॉक्समध्ये (तारा एकत्र येतात त्या यार्डातल्या पेटीत) एस-१ आणि एस-२ या सीटीच्या सेकंडरीच्या दोन टोकांच्या तारांची अदलाबदल झाली होती.

लोड समतोल असताना न्यूट्रलमधून जेमतेम करंट वाहतो, त्यामुळे उलटी सीटी पहिल्या अर्थ फॉल्टपर्यंत कळतच नाही. आणि सेकंडरी इंजेक्शन रिलेच्या टर्मिनलवर होतं. त्यातून रिले तपासला जातो, यार्डातली सीटी नाही. हेच मी साहेबांना सांगत होतो! सेटिंग वाढवली असती तर न्यूट्रलजवळच्या वाइंडिंगमधला फॉल्ट निसटला असता, आणि आरईएफ बसवतात तो त्यासाठीच. वर बाहेरच्या मोठ्या फॉल्टला ट्रिपिंग आलंच असतं.

माझं स्पष्ट मत: प्रायमरी इंजेक्शनने स्टॅबिलिटी टेस्ट (सीटीच्या प्रायमरीतून करंट सोडून, बाहेरच्या फॉल्टला रिले शांत राहतो का ते बघणं) झाल्याशिवाय आरईएफ सर्व्हिसमध्ये घेऊच नये, आणि रिपोर्टवरची सही पाहून समाधान मानणाऱ्याला टेस्टिंगचं काम देऊ नये.

अर्थात तुमच्या सीटीची पोलॅरिटी (टोकांची दिशा) बरोबर निघू शकते. मग सीटी सर्किट दोन ठिकाणी अर्थ झालंय का ते बघा. हाय इम्पिडन्स स्कीम (रिलेसोबत सिरीजमध्ये रेझिस्टर लावलेली) असेल तर स्टॅबिलायझिंग रेझिस्टरची किंमत तपासा. फॉल्ट नसतानाही ट्रिप येत असेल तर ही गोष्टच वेगळी, तिथे डीसी अर्थ (कंट्रोलच्या डीसी तारेचा जमिनीशी संपर्क) किंवा बॉक्समध्ये शिरलेलं पाणी शोधा. आणि लोड चालू असताना सीटीची सेकंडरी उघडू नका, आधी लिंक शॉर्ट करा.