डोंगराळ आणि कोरडवाहू भागातल्या शेतीला सरकारी पैसा द्यावा का, आणि दिला तर कशाच्या हिशोबानं?

प्रश्न असा आलाय की जिथं उतार आहे, माती पातळ आहे, पाऊस भरवशाचा नाही अशा भागातल्या शेतीवर सरकारनं पैसा कशाला घालायचा, त्याच पैशात तिथल्या माणसांना शहराजवळ घर नि काम देता येईल की. आणि पुढं असंही विचारलंय की द्यायचाच झाला तर जमिनीच्या हिशोबानं द्यावा, जनावरामागं द्यावा का कामामागं. मी पाणलोटाच्या, म्हणजे पावसाचं पाणी आणि माती उतारावरच अडवायच्या, कामांवर बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे पहिल्या भागाचं थोडक्यात सांगतो आणि दुसऱ्यावर जरा जास्त बोलतो, कारण खरी गोम तिथंच आहे.

उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं असतात ना, तिथं एखादा दगडी बांध पावसात ढासळतो, हातभर खिंडार पडतं. त्याच आठवड्यात कोणी चार दगड परत रचले की विषय संपला. नाही रचले तर पाणी त्याच खिंडारातून वाट काढतं, खालच्या वावराचा बांध फोडतं, मग त्याच्या खालचा, आणि दोन-तीन पावसाळ्यांत जिथं वावर होतं तिथं घळ पडलेली दिसते. ती माती जाते कुठं तर खालच्या धरणात, म्हणजे ज्या शहराला घरं बांधून द्या म्हणताय त्याच शहराच्या पाण्याची जागा गाळानं भरते. ते चार दगड रचणारा माणूस तिथं राहतो म्हणून रचतो, त्याचे पैसे त्याला कोणी देत नाही. तो उठून गेला की ते काम कोणाचंच राहत नाही. म्हणून या पैशाला मी मदत म्हणत नाही, ती मजुरी आहे आणि ती थकलेली आहे.

हां, पण प्रत्येक उतार नांगराखाली ठेवलाच पाहिजे असंही माझं म्हणणं नाही. चीननं १९९९ पासून उलटं केलं, २५ अंशांपेक्षा जास्त उताराची शेती सोडा, झाडं किंवा गवत लावा, आणि त्या बदल्यात शेतकऱ्यांना धान्य आणि रोख रक्कम दिली. गवत लावलं तर २ वर्षं, फळझाडासारखं उत्पन्नाचं झाड लावलं तर ५ आणि जंगली झाडं लावली तर ८ वर्षं. म्हणजे पीक घेणं थांबवायचं असलं तरी माणसाचं पोट सांभाळावंच लागलं.

आता पैसा कशाच्या हिशोबानं द्यायचा. एक गोष्ट मी पक्की मानतो, पैसा ज्या मापाला बांधाल तेवढंच वाढतं, बाकीच्याकडं कोणी बघत नाही.

युरोपात १९७५ साली डोंगराळ आणि प्रतिकूल भागातल्या शेतीसाठी कायदा झाला, तीन हेक्टरच्या वर जमीन असणाऱ्यानं निदान पाच वर्षं शेती चालू ठेवायची आणि त्याला दरवर्षी भरपाई मिळायची. कल्पना चांगली होती, पण जिथं जनावरं पाळतात तिथं ती भरपाई जनावरांच्या संख्येवर दिली. ब्रिटनच्या डोंगरांवर काय झालं, मेंढ्या वाढल्या, चराई इतकी झाली की झुडपं आणि गवत दोन्ही खुरटली. पुढं २००० च्या सुमाराला नियम बदलून हेक्टरवर पैसे द्यायला लागले. मग भांडण आलं हद्दीचं, कुठला भाग प्रतिकूल आणि कुठला नाही. युरोपीय संघाच्या लेखापरीक्षकांनी २००३ मध्ये या वर्गवारीवर ताशेरे ओढले आणि २०१३ च्या कायद्यात जमीन-हवामानाच्या आठ कसोट्या आल्या, उतार १५ टक्के किंवा जास्त, मुळांना ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त माती नाही, पावसाचं पाणी बाष्पीभवनाच्या मानानं निम्मं किंवा त्याहून कमी, अशा. त्या भागातली निदान ६० टक्के शेतजमीन कसोटीत बसली पाहिजे. मला हे फार पटतं, कारण माती मोजता येते, वशिला लावून माती बदलता येत नाही.

आपल्याकडचं बघा. महाराष्ट्रात रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि तिला पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर लागला, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापलेला पैसा खेड्यातल्या बांधबंदिस्तीला गेला. करदात्याचा पैसा का, हा प्रश्न तेव्हाही होताच, आणि तेव्हा त्याचं उत्तर दिलं गेलं. पुढं केंद्र सरकारनं नेमलेल्या हनुमंतराव समितीच्या १९९४ च्या अहवालानंतर पाणलोटाची नवीन मार्गदर्शक तत्त्वं १९९५ पासून लागू झाली, माथा ते पायथा काम करायचं, गावाची समिती करायची, लोकवर्गणी घ्यायची आणि त्यातून नंतरच्या देखभालीचा निधी ठेवायचा. कागदावर यात चूक काढायला जागा नाही.

पण पैसा सुटतो मापावर. किती घनमीटर खोदलं, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, बिल निघालं. मी एका माती नालाबांधावर, म्हणजे नाल्यात मातीचा भराव घालून पाणी अडवतात त्या बांधावर, काम केलं होतं, चार वर्षांनी परत गेलो तर सांडव्याचे, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेचे, धूप होऊ नये म्हणून बसवलेले दगड निघालेले, पाणी सांडव्याच्या कडेनं भराव खात चाललेलं. दोन माणसांचं दोन दिवसांचं काम, फार नाही. कार्यालयात विचारलं तर म्हणाले दुरुस्तीला हेड, म्हणजे खर्च टाकायला खातं, नाही, नवीन बांधाचा प्रस्ताव द्या. आणि देखभाल निधी होता बरं का, बँकेत पडून होता, पण खात्यावर ज्या दोघांच्या सह्या होत्या त्यातले एक वारले होते आणि प्रकल्प बंद झाल्यावर समितीची बैठकच कधी झाली नव्हती म्हणून दुसरं नाव लागलं नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात तो बांध गेला. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण त्या बांधाखालच्या तीन विहिरींना पाणी वाढलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं.

म्हणून माझं मत असं की बांधकामाचा पैसा वेगळा आणि सांभाळायचा पैसा वेगळा, आणि सांभाळायचा पैसा दरवर्षी, हेक्टरी, उतार-माती बघून आणि गावाच्या मिळून केलेल्या करारावर द्यावा. जपाननं २००० पासून नेमकं हे केलंय. तिथं डोंगरातल्या वस्तीनं एकत्र बसून लेखी करार करायचा की पाच वर्षं ही ही जमीन पडीक पडू देणार नाही, पाट आणि वाटा साफ ठेवू. भातखाचरांचा उतार वीस मीटरला एक मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर १० आरला, म्हणजे साधारण पाव एकराला, वर्षाला २१,००० येन, उतार कमी असेल तर ८,०००. त्यातला निम्म्याच्या आसपास पैसा वाटून न घेता सामायिक कामाला ठेवायचा असं सरकारनं सुचवलं, मग पाटातला गाळ काढायला, रानडुकरांसाठी कुंपण घालायला, यंत्र घ्यायला तो वापरला जातो. पाट एकाचा नसतो, वरच्यानं सोडला की खालच्यालाही पाणी नाही, म्हणून करार एकेकट्याशी न करता वस्तीशी केला, हे मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

अट मात्र कडक होती. पाच वर्षांच्या आत एखाद्यानं जमीन सोडली तर पहिल्या वर्षापासूनचे सगळ्या जमिनीचे पैसे परत करायचे. आजारपण, मृत्यू अशा कारणांना सूट होती, तरी सत्तरी-पंच्याहत्तरीच्या माणसाला वाटायचंच की माझ्या गुडघ्यांपायी अख्ख्या वस्तीला दंड नको, आणि तो सही करायला कचरायचा. शेवटी २०२० पासून नियम बदलला, जेवढी जमीन सुटली तेवढ्याचेच पैसे परत. आपल्याकडं कोणी अशी योजना लिहायला बसलं तर ही सवलत पहिल्या दिवसापासून घाला, कारण आपल्याही डोंगरातल्या गावांत बांधाचे दगड रचायला आता म्हातारीच माणसं उरलीत.