वाचकांचे प्रश्न : मुकादमाची जागा रिकामी ठेवावी का?

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टेरी टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. मागवाले, कांड्या भरणारे, माग दुरुस्त करणारे जॉबर आणि शिलाई-घडी करणाऱ्या बायका मिळून ३८ माणसे आहेत. २२ वर्षे काम सांभाळणारे आमचे मुकादम दिवाळीनंतर निवृत्त होत आहेत. पुण्याहून शिकून आलेली माझी मुलगी म्हणते, की नवा मुकादम नेमूच नये. गट करून कारभार कामगारांच्या हाती द्यावा, परदेशात असे चालते. मला भीती वाटते, की महिनाभरात निम्मे माग बंद दिसतील. आपले मत काय? — एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : परदेशाचे राहू द्या. हा प्रयोग आपल्याच देशात आणि आपल्याच धंद्यात सत्तर वर्षांपूर्वी झालेला आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलने स्वयंचलित माग बसवले होते. पण अपेक्षेइतके कापड निघत नव्हते. १९५३मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील ए. के. राइस यांनी तो विभाग पाहिला, तेव्हा २२४ मागांवर २९ माणसे काम करत होती आणि त्यांची कामे १२ प्रकारांत विभागलेली होती. विणणाऱ्याकडे जितके माग, तितकेच तुटलेले धागे जोडणाऱ्याकडे नव्हते आणि तेल घालणाऱ्याकडे त्याहून निराळे होते. त्यामुळे एखादा माग थांबला, तर तो नेमका कोणाचा, याला उत्तरच नसे. मागांचा एक ठरावीक संच एका लहान गटाच्या हवाली करावा, असे राइस यांनी सुचवले. गटात कोण कोण असावे, हे मात्र कामगारांनी आणि पर्यवेक्षकांनी आपसात ठरवले. पुढे उत्पादन वाढले आणि कापडातील दोष कमी झाले.

या कथेचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही. १९७०मध्ये राइस यांचे सहकारी एरिक मिलर त्याच मिलमध्ये पुन्हा गेले, तेव्हा एका विभागात गटपद्धत जवळजवळ जशीच्या तशी टिकून होती, तर इतरत्र ती कमीअधिक प्रमाणात जुन्या वळणावर गेली होती. मला हा भाग अधिक मोलाचा वाटतो. पद्धत सुरू करणे फार अवघड नाही. सूत महागले, ऑर्डर अंगावर आली किंवा व्यापाऱ्याने माल परत पाठवला, की मालक आपण होऊन दिलेला निर्णय आपण होऊन परत घेतो आणि गटाच्या ते कायमचे लक्षात राहते.

म्हणून ‘मुकादम हवा की नको’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा आणि मुकादम दिवसभरात नेमके कोणते निर्णय घेतात, हे त्यांच्याबरोबर आठवडाभर बसून वहीत उतरवून काढावे. कोणाला कोणती पाळी, कोणाची रजा मंजूर, दोन माग एकाच वेळी बिघडले तर जॉबरने आधी कोणत्या मागाला हात लावायचा, डागाळलेला टॉवेल दुय्यम मालात टाकायचा की नाही, नवा माणूस घ्यायचा का, उचल किती द्यायची, भांडण कोणी मिटवायचे: अशा वीसपंचवीस गोष्टी सहज निघतील. त्या सगळ्या एकदम सोपवू नयेत. पाळी, रजा आणि जॉबरच्या कामाचा क्रम या गोष्टी गटाकडे पहिल्या दिवसापासून द्याव्यात, कारण त्यांतली माहिती आपल्यापेक्षा गटाला अधिक असते. मालाची प्रत ठरवणे सहा महिन्यांनी द्यावे. नव्या माणसाची निवड त्यानंतर. उचल मात्र आपल्याकडेच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. घरातले आजारपण किंवा मुलीचे लग्न यांची चर्चा सात सहकाऱ्यांसमोर करावी लागणे कोणालाही नको असते.

आता वेतनाविषयी, सगळे गाडे बहुधा येथेच अडेल. आपले मागवाले नगावर पैसे घेत असतील आणि जॉबर महिन्याच्या पगारावर असेल, तर गट कागदावरच राहील. स्वतःचा माग थांबवून शेजाऱ्याच्या मागावर ताण्याच्या सुताचा रूळ, म्हणजे बीम, चढवायला हात लावणारा मागवाला त्या दिवशी स्वतःच्या खिशातून पैसे घालत असतो. तेव्हा त्याने सहकार्य करावे, असे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? प्रत्येकाला ठरलेले किमान वेतन आणि त्यावर गटाच्या चांगल्या मालावर सर्वांना वाटून मिळणारी रक्कम, अशी काही व्यवस्था आधी करावी लागेल. हिशेब फळ्यावर रोज लिहिलेला असावा: किती नग निघाले, किती परत आले, सुताचा भाव काय, ऑर्डर कोणत्या तारखेची. आपल्या कारखान्यात तेलुगू बोलणारी माणसे असतीलच, तेव्हा फळा दोन्ही भाषांत लिहावा. आकडे लपवून जबाबदारी देता येत नाही.

भांडणांची वाटही आधीच ठरवून ठेवावी. कॅलिफोर्नियात मॉर्निंग स्टार नावाची टोमॅटोवर प्रक्रिया करणारी मोठी कंपनी आहे. तेथे व्यवस्थापक हे पदच नाही आणि प्रत्येक जण आपली बांधिलकी सहकाऱ्यांशी लेखी ठरवून घेतो. तंटा झाल्यास आधी दोघांनीच समोरासमोर बोलायचे, मग दोघांना मान्य असलेला तिसरा माणूस घ्यायचा, त्यानंतर सहकाऱ्यांची छोटी समिती, आणि तेथेही मिटले नाही तरच ते मालकापर्यंत जाते. आपल्याकडे पहिली पायरी गाळून थेट धन्याच्या खोलीचे दार वाजवण्याची सवय आहे. ते दार वाजले, की आपण ‘आधी त्याच्याशी बोललात का?’ एवढेच विचारावे. हे ऐकायला सोपे वाटले, तरी २२ वर्षांच्या सवयीनंतर आपल्याला ते जड जाईल.

निवृत्त होणाऱ्या मुकादमांना शक्य असल्यास तीन महिने ठेवून घ्यावे. मात्र हुकूम देण्यासाठी नव्हे, विचारले तर सांगण्यासाठी. नेदरलँड्समध्ये योस द ब्लॉक यांनी २००६मध्ये सुरू केलेली बुर्टझॉर्ग ही घरपोच शुश्रूषेची संस्था आहे. तिच्यात जास्तीत जास्त १२ परिचारिकांचा एक गट असतो; रुग्ण, वेळापत्रक आणि नवी भरती तो गटच पाहतो. अनेक गटांना मिळून एक मार्गदर्शक असतो, पण गटावर त्याचा कसलाही अधिकार चालत नाही. आपल्या मुकादमांना ही भूमिका मानवेल की नाही, हे आपणच जाणता. मानवणार नसेल, तर हार-नारळ देऊन वेळेवर निरोप देणे दोघांच्याही हिताचे आहे.

एक गोष्ट मुलीलाही सांगावी. कायद्याच्या दृष्टीने कारखान्याचे भोगवटादार, म्हणजे तेथील सुरक्षिततेला जबाबदार असलेले, आपणच राहता. यंत्रात कोणाचा हात सापडला, तर ‘तो निर्णय गटाचा होता’ हे उत्तर चालणार नाही. सुरक्षिततेचे नियम गटाच्या मर्जीवर सोडू नयेत.

प्रश्न : मी होटगी रस्त्यावरील घरातून पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे काम करते. दोन वर्षांपूर्वी कंपनीने सर्व व्यवस्थापक पदे रद्द केली. प्रत्यक्षात मात्र चार जुनी माणसे आपसात ठरवतात आणि बैठकीत ‘सर्वांना मान्य आहे ना?’ असे विचारतात. पूर्वी निदान तक्रार कोणाकडे करायची, हे ठाऊक होते. हीच का ती नवी कार्यपद्धती? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. आपल्या कंपनीने पदे काढली, अधिकार मात्र होते तेथेच ठेवले. पदावरील माणसाला निदान जाब विचारता येतो. पद नसलेला अधिकारी ‘मी कोण ठरवणार?’ म्हणून हात वर करतो. दूर बसून काम करणाऱ्यांना याचा अधिक जाच होतो, कारण चहाच्या टपरीवर झालेले निर्णय त्यांना बैठकीतच कळतात.

ज्यांनी ही पद्धत गांभीर्याने बसवली, त्यांचे नियम जुन्या कंपन्यांपेक्षा कमी नव्हे, अधिक काटेकोर असतात. नेदरलँड्समधील गेरार्ड एंडेनबर्ग यांनी आपल्या विद्युत कंपनीत संमतीने निर्णय घेण्याची रीत घडवली. तिच्यात ‘सर्वांना मान्य आहे ना?’ असे एकदाच मोघम विचारत नाहीत; प्रत्येकाला क्रमाने बोलू देतात आणि कोणाची सकारण हरकत उरली, तर निर्णय पुढे जात नाही. आवडणे वेगळे आणि हरकत नसणे वेगळे, हा त्यातला बारकावा आहे. दुसरी रीत सल्ल्याची: निर्णय कोणीही घ्यावा, पण ज्यांच्यावर परिणाम होणार आणि ज्यांना त्यातले कळते, त्यांना आधी विचारल्याशिवाय नाही. सल्ला मानलाच पाहिजे असे नाही, विचारलाच पाहिजे.

असे असूनही ही पद्धत सर्वांना रुचते असे नाही. झॅपोस या अमेरिकी कंपनीने २०१५मध्ये कर्मचाऱ्यांना सांगितले, की व्यवस्थापकांविना चालणारी नवी रचना नको असेल त्यांनी पैसे घेऊन बाहेर पडावे. तेव्हा सुमारे १४ टक्के माणसांनी तो देकार घेतला. त्यांतील प्रत्येक जण रचनेलाच कंटाळला होता असे म्हणता येणार नाही, तरी आकडा लहान नाही.

पुढील बैठकीत आपण एकच प्रश्न लेखी मांडावा: पगारवाढ कोण ठरवते आणि कोणत्या निकषांवर? तत्त्वांची चर्चा टाळावी. त्या चौघांना तत्त्वे आपल्यापेक्षा चांगली बोलता येत असणार. पगारवाढीचे उत्तर लेखी मिळाले, तर भरती आणि कामाचे वाटप यांविषयीही तसेच विचारता येईल. उत्तर टोलवले गेले, तर व्यवस्थापक परत नेमा अशी मागणी करण्यात काहीही कमीपणा नाही.

प्रश्न : आपण ज्याला नवे म्हणता, ते आमच्या जिल्ह्यात सहकाराच्या रूपाने कित्येक वर्षे चालू नाही का? — एक निवृत्त शिक्षक, बार्शी

उत्तर : मालकी आणि कामाची रीत या दोन गोष्टी आपण एकत्र केल्या आहेत. सहकारी साखर कारखान्याचे मालक सभासद शेतकरी असतात आणि संचालक मंडळ ते निवडून देतात. परंतु गाळपाच्या हंगामात बॉयलरपाशी उभा असलेला कामगार कार्यकारी संचालकापासून खाली आलेल्या उतरंडीतच काम करतो. उलट, वर सांगितलेल्या बुर्टझॉर्गच्या परिचारिका संस्थेच्या मालक नाहीत, तरी रोजचे निर्णय त्यांचे आहेत. १९५९मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेल्या लिज्जत पापडाच्या उद्योगात भगिनी मालक आहेत, आणि शाखेचे काम पाहायला संचालिकाही आहे.

आपल्याला जवळचे उदाहरण हवे असेल, तर ते बचत गटाचे घ्यावे. तेथे पैसाही बायकांचा आणि कर्ज कोणाला द्यायचे हा निर्णयही त्यांचाच. अर्थात, सचिवाचे पद दरवर्षी फिरते ठेवले असेल आणि वही एकाच घरी राहत नसेल, तर.