टर्बो ट्रॅक्टरची डिलिव्हरी लांबली

प्रश्न : ऊसवाहतुकीसाठी टर्बो ट्रॅक्टर बुक केलाय. तारीख दोनदा पुढे गेली, गळीत हंगाम तोंडावर आलाय. बँकेचं कर्ज मंजूर आहे. काय करू? (एक वाचक, पलूस, जि. सांगली)

उत्तर : आधी बँकेला थांबवा. चासी नंबर (तुमच्या ट्रॅक्टरवर कोरलेला त्याचा स्वतंत्र क्रमांक) लेखी मिळाल्याशिवाय पैसे शोरूमकडे वर्ग करू देऊ नका. पैसे वर्ग झाले की ट्रॅक्टर दारात नसतानाही व्याज सुरू होतं. बुकिंगच्या कागदावर ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू’ असं छापलंय का पाहा, बहुतेकदा असतं. नवी तारीख लेखी मागा. तोंडी ‘पुढच्या आठवड्यात’ला काडीची किंमत नाही. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

घाईत यार्डात पडून राहिलेला नग गळ्यात मारला जाऊ शकतो. उत्पादनाचा महिना, बॅटरी, टायरच्या भेगा, डिझेल फिल्टरमधलं पाणी तपासा. एअर क्लीनर ते टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) या पाइपचे क्लिप आवळलेले हवेत. तिथून धूळ गेली की टर्बोची पाती झिजतात.

आणि भरल्या ट्रॉलीनिशी आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, दोन मिनिटं आयडलवर (रेस न देता चालू) ठेवा. इंजिन थांबलं की तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगचं ऑइलही थांबतं.