थोडक्यात हुकलेली भरती

मुलगा पारोळा तालुक्यातला, वय 23 (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). पोलीस भरतीच्या यादीतून सलग दुसऱ्यांदा थोडक्यात बाहेर राहिला. आईचं एकच गाऱ्हाणं, "पोऱ्या गुमसुम बसेल ऱ्हास" (पोरगा गप्प बसून असतो). वडिलांचं म्हणणं, आता पुरे, कपाशी वेचायला चल. पुन्हा बसायचं की सोडून द्यायचं, हा प्रश्न खान्देशातल्या कितीतरी घरांत असतो.

आधी झोप, जेवण आणि मरणाचे विचार याबद्दल सरळ विचारावं. तसे विचार असतील तर भरती बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रीही चालतो. हा मुलगा खचला होता, पण तसे विचार नव्हते.

मग स्वप्नील कुसाळेचा विषय निघाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा हा नेमबाज 2015 पासून मध्य रेल्वेत नोकरीला. 2022 साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा आला. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत आघाडीवर असताना 7.6 चा एक खराब शॉट पडला आणि पुन्हा चौथा. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून मारलेल्या 15 शॉट्सनंतर तो सहावा होता, झोपून मारलेल्या 15 नंतर पाचवा. उरलेले शॉट्स उभ्याने. असा नेम धरणं सगळ्यांत कठीण, शरीर जरा डुललं तरी नळी हलते. हांगझोऊत त्याचा घात झाला तो याच पवित्र्यात, आणि पॅरिसमध्ये तो वर सरकला तोही इथेच. 451.4 गुण, कांस्यपदक. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

"त्याचं वेगळं आहे," मुलगा म्हणाला. म्हणून त्याचेच दोन्ही वेळचे गुण कागदावर मांडायला लावले. मैदानी 50 गुणांपैकी 1600 मीटरला 20, शंभर मीटर आणि गोळाफेकीला प्रत्येकी 15. शिवाय लेखी 100. सोळाशे मीटर तो 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत काढायचा, म्हणजे पूर्ण 20. तरी रोज पहाटे तेच पळायचा. गुण जात होते गोळ्यात आणि अंकगणितात. जे जमतं तेच घोटत राहायची ओढ फार असते, त्यात मेहनत केल्याचं समाधान मिळतं आणि यादीतली जागा तिथल्या तिथेच राहते.

पळणं आठवड्यातून तीन दिवसांवर आणलं. 7.26 किलोचा गोळा तो नुसत्या हाताने ढकलायचा; पाय आणि कंबर वापरतच नव्हता, तोल जाऊन फाऊलही व्हायचे. म्हणून आधी 5 किलोच्या गोळ्याने जागेवरून फेक, पाय घट्ट झाल्यावरच पूर्ण वजन. रोज 25 गणितं घड्याळ लावून, आणि चुकलेली दुसऱ्या दिवशी पुन्हा.

खरा वेळ गेला तो वडिलांसोबत. पुढची एक भरती द्यायची, तोवर सकाळ-संध्याकाळ सराव, दुपारी कृषी सेवा केंद्रात काम, पगारातला ठरलेला हिस्सा घरात. नोकरी करूनही सराव होतो, हे स्वप्नीलच्या रेल्वेमुळे त्यांना पटवून देणं सोपं गेलं. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 28 असली तरी थांबायची तारीख आत्ताच ठरवली: त्या यादीनंतर आयटीआयचा अर्ज. कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. वेचणीला तो रविवारी जाणार आहे.