मागच्या अंगणातलं टिनाचं शेड : आधी जमीन बघा

भाऊ, टिनाचा रंग नंतर ठरवू, आधी पायाखालची माती बघा. तुमच्या प्लॉटवर काळी माती असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नुसती फरशी ओतली तर तडकेल अन् दार अडकायला लागेल. काळी माती जमेल तेवढी काढा, मुरूम भरा, पाणी मारून थराथराने ठोका, मग काँक्रीट. फरशी अंगणापेक्षा अर्धा फूट तरी उंच ठेवा. वाळवीचं औषध काँक्रीटच्या आधीच मारून घ्या.

तयार शेड घ्यायचं की फॅब्रिकेटरकडून करून घ्यायचं? मी म्हणेन, करून घ्या. तयार मालात पत्रा बहुतेक पातळ असतो. मे महिन्यातल्या वादळात तो आधी फडफडतो, मग उडतो. अर्धा मिलिमीटर जाडीचा कलर कोटेड पत्रा मागा आणि खांब काँक्रीटमध्ये गाडून घ्या. आठ फूट रुंदीला फूटभर उतार पुरे, पण पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर जायला नको. स्क्रूखालचं रबरी वॉशर उन्हाने कडक होतं, तिथूनच गळती सुरू होते. दर मे महिन्यात एकदा वर चढून बघा.

छताखाली दोन्ही बाजूंना जाळी हवीच. आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो, त्यामुळे थिनर, पेट्रोल, सिलिंडर आत नको. दाराचं माप घरातल्या सगळ्यात मोठ्या कूलरवरून घ्या, पावसाळा लागला की तोच आत जाणार आहे. आणि काम काढण्याआधी परवानगीचं मनपाच्या झोन कार्यालयात विचारून या.