बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे, आत फक्त आईला सोडतात; बाकीच्या घरच्यांनी करायचं काय?

दादा, तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: बहीण डोहाळजेवणानंतर माहेरी कोल्हापूरला आली, अचानक बीपी वाढलं आणि ३०व्या आठवड्यात सिझर करावं लागलं. बाळ १२०० ग्रॅमचं, आज चौथा दिवस. आत फक्त आईला सोडतात, बाहेर बाकड्यावर तुम्ही, दाजी आणि दोन्हीकडच्या आज्या. 'आम्ही नुसतं बसून राहायचं का?' हा तुमचा प्रश्न. शिवाय आत्याबाई म्हणतात की सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, ते खरं का?

मी कोल्हापुरातच एनआयसीयूत सिस्टर होते, बरीच वर्षं. दाराच्या आतल्या बाजूने जे दिसतं ते सांगते. औषधोपचाराचं मात्र तुमच्या डॉक्टरांचंच ऐकायचं.

आत्याबाईंचं आधी उरकू. चार आठवड्यांचा महिना धरला तर तुमचं बाळ आठव्यातलं, कॅलेंडरचा धरला तर सातव्यातलं. म्हणजे त्यांच्या नियमाने ते एकाच वेळी जगणारही आहे आणि नाहीही. खरी गोष्ट साधी आहे. पोटात एकेक आठवडा जास्त मिळाला की बाळ तेवढं जास्त तयार होतं, त्यामुळे आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा बळकटच. ३० आठवड्यांच्या बाळाची फुप्फुसं कच्ची असतात. ती उघडी ठेवणारा सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ साधारण ३४ आठवड्यांपर्यंत पुरेसा तयार झालेला नसतो. म्हणून वेळ मिळाला असेल तर बहिणीला सिझरच्या आधी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली असतील. बाळाच्या नाकाला लावलेलं सीपॅप, म्हणजे हवेच्या दाबाने फुप्फुसं उघडी ठेवणारं यंत्र, तेही त्याचसाठी. लागलं तर सर्फॅक्टंट नळीतून देतातही. एवढ्या वजनाची बहुतेक बाळं आता घरी जातात. आत्याबाईंना हे बाहेर नेऊन सांगा, बहिणीसमोर नको.

आणि 'जिना चढली म्हणून', 'ग्रहणात बाहेर पडली म्हणून' ही कुजबुज चालू असेल तर ती आजच बंद करा. गरोदरपणातलं बीपी जिन्याने वाढत नाही आणि ग्रहणाने तर नाहीच नाही. सासरचे म्हणतात माहेरी हयगय झाली, माहेरचे म्हणतात सासरी राबवली, आणि मध्ये टाके सांभाळत बसलेली पोरगी हे सगळं ऐकत असते. याचा परिणाम आम्हाला आत दिसतो, कारण त्या दिवशी तिला दूध काढताच येत नाही.

आता मुद्द्याचं. मशीन, सलाइन, औषधं आमच्याकडे असतात. दोनच गोष्टी नसतात: त्या बाळाच्या आईचं दूध आणि तिच्या छातीची ऊब. तेव्हा बाहेरच्या सगळ्यांचं काम एकच, बहीण या दोन गोष्टी देऊ शकेल अशी तिची सोय लावायची. बाळाकडे आम्ही बघतो. तिच्याकडे तुम्ही बघायचं.

दुधाचं नीट समजून घ्या, कारण घोळ इथेच होतो. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, तोही थेंबांत. आजी वाटी बघते आणि म्हणते, 'हिला दूधच नाही.' संध्याकाळी कुणीतरी पावडरीचा डबा घेऊन हजर. अहो, १२०० ग्रॅमच्या बाळाला सुरुवातीला दर दोन तासांनी एक-दोन मिलिलिटरच देतात, तोंडातून पोटात घातलेल्या बारीक नळीने. ते थेंब त्याला पुरतात. शिवाय कच्च्या आतड्यांचा जो गंभीर आजार या बाळांना होऊ शकतो, त्याचा धोका आईच्या दुधाने कमी होतो, पावडरीने वाढतो. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांना बसायला लागतो. तोवर नळी, मग बोंडलं किंवा वाटी-चमचा, मग अंगावर. बाळ अजून ओढत नाही, म्हणून दूध काढलं नाही तर ते आटतं. २४ तासांत आठ वेळा तरी काढायला हवं, त्यातलं एकदा-दोनदा रात्री.

आता विचार करा, पोटावर टाके असलेली बाई रात्री अडीच वाजता उठून हात धुणार, वाटी उकळणार, अर्धा तास दूध काढणार आणि ते दवाखान्यात पोचवणार. एकटीने होईल का? इथे मामा लागतो. घर कळंब्याला आणि दवाखाना राजारामपुरीत असेल, तर बर्फाच्या डब्यातून दूध नेऊन देणं हे तुमचं काम. डब्यावर नाव, तारीख, वेळ लिहायची. काढलेलं दूध साध्या हवेत चार तास, फ्रीजमध्ये २४ तास ठेवता येतं. दवाखान्याचा नियम वेगळा असेल तर तो पाळायचा. भांडी उकळायचं आजीकडे द्या. डब्यात भाकरी, शेपूची भाजी, मटणाचं आळणी, अळिवाची खीर, जे तिला जाईल ते. डिंकाचे लाडू जबरदस्तीने नकोत. पाणी भरपूर, आणि दुपारी दोन तास कुणी दार वाजवायचं नाही.

छातीची ऊब म्हणजे कांगारू पद्धत. ही १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, तिथे काचपेट्या पुरत नव्हत्या म्हणून. बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे घालून आईच्या उघड्या छातीवर उभं टेकवायचं आणि वरून बांधायचं. गरिबाची सोय म्हणून आलेली ही गोष्ट आता मोठमोठ्या दवाखान्यांतही करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं की जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करा, रोज ८ ते २४ तास. ऊब टिकते, श्वास सुधारतो, आईला दूध सुटतं. सीपॅपवरच्या बाळालाही, ते स्थिर असेल तर, देता येतं. तुमच्या डॉक्टरांना रोज विचारा, 'कांगारू कधी सुरू करायचं?' विचारणाऱ्या घराकडे लवकर लक्ष जातं, हे मी आतून बघितलंय.

दवाखान्याने आत सोडलं तर हे बापालाही जमतं, आजीलाही. दाजींना तयार करा. आपल्याकडे तालमीत लंगोटावर उतरणारी माणसं इथे शर्ट काढायला लाजतात, पण एकदा बसली की उठत नाहीत.

आत जाणाऱ्याने कोपरापर्यंत हात धुवायचे, अंगठी, घड्याळ, बांगड्या काढायच्या. डोहाळजेवणाचा हिरवा चुडा अजून हातात असेल तर आजी हटून बसतात. समजवा. बांगड्यांखाली जंतू राहतात आणि या बाळांना जंतुसंसर्ग भारी पडतो. जोतिबाचा गुलाल, अंबाबाईचा अंगारा बहिणीच्या उशाशी ठेवा, पेटीजवळ नाही. गुटी, मध, काजळ, कानात-नाकात तेल, ओवा-वावडिंगाची धुरी यातलं काहीही नको, घरी गेल्यावरसुद्धा. गावाकडून जीप भरून येणाऱ्या पाव्हण्यांना फोनवरच थांबवा. मला सगळ्यात जास्त राग यायचा तो पेटीतल्या बाळाचा फोटो स्टेटसला ठेवणाऱ्यांचा. नळ्या लावलेलं लेकरू चारशे लोकांना दाखवायचं, आणि मग त्या चारशेंचे फोन त्या आईला!

डॉक्टरांशी रोज एकानेच बोला. तो माणूस शांत असावा, मोठा असलाच पाहिजे असं नाही. 'बाळ औट ऑफ डेंजर आहे का?' हा प्रश्न सोडून द्या, त्याला प्रामाणिक उत्तर नसतं. त्याऐवजी विचारा: श्वासाचा आधार कालच्यापेक्षा कमी झाला का, दूध किती वाढवलं, वजन किती, डोक्याची सोनोग्राफी कधी आणि त्यात काय दिसलं. मेंदूतला रक्तस्राव व्हायचा तर बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांत होतो, ते दिवस तुमचे सरले आहेत. तरी पुढे एखादा दिवस दूध थांबवतील, अँटिबायोटिक चढवतील. असं बऱ्याच बाळांचं होतं. वजन आधी उतरतं, दुसऱ्या आठवड्याच्या आसपास जन्माइतकं होतं, मग रोज २०-२५ ग्रॅमने चढतं. मॉनिटर वाजला की घाबरू नका. कधी पायाचा सेन्सर सरकलेला असतो, कधी बाळ श्वास घ्यायला विसरतं आणि सिस्टर तळव्याला टिचकी मारते. त्यासाठी कॅफिन देतात, हो, चहा-कॉफीतलंच.

पैशाचं थोडक्यात. दवाखाना खासगी असेल तर आजच तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) गाठून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का ते विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या वर्षभरापर्यंत मोफत असतात. खर्च झेपत नसेल तर पैसे संपायची वाट न बघता डॉक्टरांशी बोलून सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, जागेची चौकशी करा. हलवायचं ठरलं तर ॲम्ब्युलन्सनेच, बाळाची ऊब आणि ऑक्सिजन सांभाळून, स्वतःच्या गाडीतून कधीच नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, नाव नंतर घालता येतं. बारसं राहू द्या. सध्या त्याच्या पायातल्या पट्टीवर 'बेबी ऑफ' आणि आईचं नाव आहे, तेवढं पुरे.

बहिणीचं बीपी सगळे विसरतात. बाळंतपण झालं म्हणजे ते लगेच जात नाही. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीच्या खाली दुखलं तर लगेच तिच्या डॉक्टरांकडे न्या. पहिले पंधरा दिवस रडू येणारच. त्यापुढेही झोप नाही, जेवण नाही, बाळाकडे बघावंसंच वाटत नाही असं असेल, तर 'मन घट्ट कर' म्हणू नका, डॉक्टरांना सांगा. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

घरी कधी, हे आत्ताच कुणी सांगणार नाही. पेटीबाहेर ऊब टिकली, सगळं दूध तोंडाने घेतलं, श्वास थांबणं बंद झालं आणि वजन चढत राहिलं की सोडतात. ३० आठवड्यांच्या बाळाला साधारण पाच-सहा आठवडे धरून चाला. म्हणून पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी रजा संपवू नका, पाळ्या लावा.

एक तारीख मात्र तुम्ही स्वतः लिहून ठेवा. ३४ आठवड्यांआधी किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचा असतो. पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढल्या तर वेळेत लेझरने किंवा इंजेक्शनने थांबवता येतात, उशीर झाला तर दृष्टी जाते, आणि बाहेरून डोळे अगदी छान दिसत असतात. एक तपासणी झाली की संपलं असंही नाही, पडदा पूर्ण वाढेपर्यंत डॉक्टर सांगतील तेव्हा परत जावं लागतं. पडद्याचा तज्ज्ञ लागतो, तो प्रत्येक तालुक्याच्या गावाला नसतो. तेव्हा बहिणीला सासरी पाठवायची घाई सुरू झाली, तर तिथे जवळ असा डॉक्टर कोण आहे आणि पुढची तारीख कोणती, हे दाजींकडून आधी पक्कं करून घ्या. तोवर तिला कोल्हापुरातच राहू द्या.