शेजारी गच्चीवरून एअरगनने भटक्या कुत्र्यांना छर्रे मारतो. "याला परवाना लागत नाही, खेळणंच आहे," म्हणतो. काय करता येईल?

परवान्याचं म्हणाल तर बहुधा तो बरोबर आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंच बोअरपर्यंतच्या (बोअर म्हणजे नळीचं भोक) आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. पण 'खेळणं' हा शब्द ऐकला की माझं डोकंच फिरतं. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २८० मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा साधारण २० जूल होते. याला खेळणं म्हणायचं?

कुत्र्याला छर्रा लागला की बाहेरून मसुराएवढं भोक दिसतं, तेही केसांत दडलेलं. रक्त फारसं येत नाही, म्हणून लोक हळद दाबून सोडून देतात. छर्रा केस आणि घाण आत घेऊन जातो, मग काही दिवसांनी पू होतो. छातीत घुसला तर फुप्फुसाभोवती हवा साठते; कुत्रं झोपत नाही, मान पुढे ताणून, कोपरं फाकवून उभं राहतं. असं दिसलं तर जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यायला एक मिनिटही थांबू नका, आणि तोंड बांधू नका. कण्याला लागला तर मागचे पाय फरफटतात. अशा वेळी फळीवर घालूनच उचला.

भोकात चिमटा घालू नका. स्वच्छ कापड दाबून धरा. एक्स-रे दोन बाजूंनी काढायला सांगा, कारण एकाच चित्रात छर्रा कातडीखाली आहे की पोटात, ते कळत नाही. स्नायूत खोल बसलेला छर्रा बऱ्याचदा तसाच ठेवतात. सांध्यातला मात्र काढावाच लागतो, कारण तिथे छर्र्यातलं शिसं विरघळतं.

काढलेला छर्रा पाकिटात घालून त्यावर डॉक्टरांची सही-तारीख घ्या. डॉक्टरांचा दाखला आणि एक्स-रे पोलीस तक्रारीसोबत जोडा. पोलीस १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याचं कलम ११ लावून मोकळे होतात. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! जनावर मेलं किंवा कायमचं अपंग झालं असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ चा आग्रह धरा, त्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहे. मोरावर छर्रा झाडला असेल तर थेट वनखात्याकडे जा.

अरुणाचलात २०२१ पासून एअरगन जमा करण्याची मोहीम चालली, लोकांनी आपण होऊन बंदुका आणून दिल्या. तिथे कुणाला ते खेळणं वाटलं नाही.

१० मीटर नेमबाजीचा सराव करणाऱ्यांबद्दल हे नाही. त्यांच्या लक्ष्यामागे छर्रा अडवणारी पेटी असते. आणि कुत्री खरंच चावत असतील, तर नसबंदी-लसीकरणासाठी नगरपालिकेत लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या.